नाकाची गाडी, मागं एक ट्रेलर

लोकांच्या शोकेसमध्ये कप असतात, बाहुल्या असतात, कुणीतरी दिलेला ताजमहाल असतो. आमच्या शोकेसमध्ये ट्रक आहेत. तळहातावर मावणारे, पण प्लास्टिकचे नाहीत, धातूचे, हातात घेतले की जड लागणारे. दारं उघडतात, चाकं फिरतात, एकाचं तर स्टिअरिंगसुद्धा वळतं. पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला, "पोराचे का?" मी म्हणते, "न्हाई, माझे." मग त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईनं ट्रक जमवावेत, हे बीडमध्ये अजून कुणाच्या पचनी पडलेलं नाही. आमचे हे तर म्हणतात, "सोनं मागितलं असतंस तर दुकान तरी ठाऊक हाय. ह्ये कुठनं आणू?" मी म्हणते, तुम्ही काही आणू नका, फक्त धूळ पुसायला हात लावू नका.

असे ट्रक जमवणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. सगळे पुरुष. तिथं मी नाव लिहिलेलं नाही, फोटोही ट्रकचा, त्यामुळे कितीतरी दिवस मी त्यांची "दादा" होते. एकदा घाईत बोलूनच निरोप टाकला, तर ग्रुप चिडीचूप. मग एकानं हळूच लिहिलं, "ताई, माफ करा." मी इकडं हसून हसून बेजार!

हा नाद आबांमुळं लागला. आबा म्हणजे माझे वडील. तेव्हा आम्ही गेवराईला राहायचो आणि आबांची स्वतःची गाडी होती. जुन्या घडणीची, पुढं लांब नाक आलेली, मागं एक ट्रेलर जोडलेला. हंगामात ऊस, एरवी कापसाच्या गाठी. थंडीत आबा खेप करून सकाळी दारात गाडी लावायचे, तेव्हा त्या नाकाचा पत्रा अजून गरम असायचा. आम्ही भावंडं त्याला गाल लावून उभी राहायचो. डिझेलचा, उसाच्या रसाचा आणि आबांच्या विडीचा असा एक मिळून वास यायचा. आई आतून ओरडायची, "काळ्या होताल गं!" आम्ही कशाला ऐकतोय.

खंडेनवमीला तर गाडीचा थाट काय विचारता! आबा सकाळपासून ती धुवायचे. मग आई ताट घेऊन बाहेर यायची. नाकावर कुंकवाची पाच बोटं, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. ओवाळून झालं की म्हणायची, "सावकाश जावा." आणि आबा दर वेळी तेच उत्तर द्यायचे, "बरं बाई, उडत न्हाई जात." खेपेला निघतानाही हेच. आई चिडायची, आबा हसायचे, आणि गाडी निघायची.

आबा गेले ते घरातच, जेवून उठले आणि भिंतीला टेकले. मी तेव्हा डीएडला होते. गाडी विकली. कुणी नेली, कुठं गेली, पुढं काही कळलं नाही.

त्यानंतरच्या खंडेनवमीला चुलतभावाची नवी जीप आलेली होती. आई सवयीनं ताट घेऊन निघाली. चुलती मध्ये आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुमी मागं थांबा जाऊबाई. गाडीत माणसं बसायची हायती." वाईट हेतूनं म्हणाली असंही नाही, तेच वाईट. आईनं ताट खाली ठेवलं आणि आत गेली. तेव्हापासून दर खंडेनवमीला ती स्वयंपाकघरात दाराआड लसूण सोलत बसायची. घरात दोन पोती लसूण आहे असं वाटावं!

मी भांडले. माझं तोंड मोठं आहे हे अख्ख्या भावकीला ठाऊक आहे. चुलतीशी भांडले, आईशी त्याहून जास्त. पेपरात छापून आलेलं वाचून दाखवलं, की गावोगाव ठराव होतायत, विधवा बाईला असं मागं ठेवणं बंद करायचं म्हणून. आई म्हणाली, "ठराव कागदावर झाला गं. माझ्या मनाचं काय करू?" मी स्कूटी घेतली तेव्हा म्हटलं, दुसरं कुणी नको, तूच कुंकू लाव. तिनं चक्क हात जोडले. "तुला रोज हायवेनं जायचंय. कुठं काय झालं तर? नको गं माय." आपल्या आईला स्वतःच्याच हाताची भीती वाटते, हे मला सहन होत नव्हतं. मला तिच्या हातचं कुंकू हवं होतं, बस. दुसरं काही मागणं नव्हतं.

गाडी मात्र मी शोधत राहिले. नाकाची ती जुनी गाडी छोट्या आकारात सुटी मिळते, पण ट्रेलरसकट मिळत नाही. बनवणारे केव्हाच थांबले, आणि ज्यांच्याकडं आहे ते सोडत नाहीत. शेवटी नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांकडं निघाली. डबासुद्धा न उघडलेली! बदल्यात त्यांनी माझा दुधाचा टँकर आणि पिवळी क्रेन मागितली. जीव तुटला, पण दिली. त्यांनी फोनवर तीनदा बजावलं, "ताई, डबा उघडू नका. उघडला की कुणी विचारणार नाही."

आई आता माझ्याकडंच असते. पार्सल आलं तेव्हा तिनं डबा डोळ्याजवळ नेऊन प्लास्टिकच्या खिडकीतून कितीतरी वेळ बघितलं. म्हणाली, "ट्रेलरचा हूक बी तसाच हाय." मग विचारलं, "बाहेर कावून न्हाई काढत?" मी म्हटलं, हात लावायचा नसतो, तसाच ठेवायचा असतो. ती म्हणाली, "डब्यात ठिवायला गाडी कशाला आणली बया?"

या वर्षीच्या खंडेनवमीला मी अंगणात स्कूटी धूत होते. आमचे हे झेंडू आणायला गेलते. फडकं घ्यायला आत आले तर काय! डबा फाडून बाजूला टाकलेला. पाटावर गाडी, मागं ट्रेलर. त्या एवढ्याशा नाकावर कुंकवाची पाच बोटं, दिवेबिवे सगळे झाकून गेलेले. वर अक्षता. लिंबू चाकाखाली मावेना म्हणून तिथं लवंग ठेवलेली. आणि आई निरांजन घेऊन ओवाळत होती.

"आई! काय करायलीस ह्ये!" मी केवढ्यांदा ओरडले असेन! "वाटोळं केलंस! कुंकू निघत नसतंय त्यावरचं!"

आईनं निरांजन खाली ठेवलं. पदराला बोट पुसत म्हणाली, "ओरडू नको. हिच्यात कुणी बसत न्हाई. माझ्या हातानं कुणाचं काय वाईट व्हायचंय?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला रडूच आलं. इतकी वर्षं ह्या बाईचा हात शिवशिवत होता आणि ती बिन माणसाची गाडी शोधत होती. मी डोळे पुसले, बाहेर गेले, ओली स्कूटी ढकलत थेट उंबऱ्याला आणून लावली आणि वर बसले.

"आता हिला लाव. मी बसलेय हिच्यावर."

"नको गं. ऐक माझं."

"न्हाई लावलंस तर उद्यापासून शाळेत चालत जाईन."

"चालत? येडी हायस का? केवढं लांब हाय ते!"

"मग लाव."

ती ताट घेऊन उंबऱ्याशी आली. बोट कुंकवात बुडवलं. हँडलपर्यंत आणलं आणि तिथंच थांबली. मी हँडल तिच्याकडं वळवून धरलं. मग तिनं एक बोट टेकवलं, दुसरं, आणि राहिलेली तीन भराभर लावून टाकली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "सावकाश जा."

मी काही ठरवलेलं नव्हतं, पण तोंडातून आलंच, "बरं बाई, उडत न्हाई जात."