शेळ्यांच्या छपरावरचा लेझर

उन्हात टांगलेल्या फ्लेक्सवरचे चेहरे निळे पडतात. लाल आणि पिवळा रंग ऊन आधी खाऊन टाकतं, निळा आणि काळा तेवढा मागे राहतो. त्यामुळे आमच्या बीड जिल्ह्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वीकारणारा कुठलाही युवा नेता एका उन्हाळ्यात पाण्यात बुडून गेल्यासारखा दिसायला लागतो. मग त्याचा फ्लेक्स कुणीतरी उतरवून नेतो आणि तो कडब्यावर, ट्रॉलीवर नाहीतर छपरावर जातो. कीर्तीचा एवढा चांगला उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. गळत नाही.

मी मुंबईत पेटंट कार्यालयात परीक्षक आहे. लोक शोध लावतात आणि सरकारकडे अर्ज करतात, की हा आमचा, ठरावीक वर्षं दुसऱ्या कुणी वापरू नये. माझं काम एवढंच, की अर्जाच्या तारखेआधी हीच गोष्ट जगात कुणी कुठे छापली, केली किंवा चारचौघांत दाखवली आहे का ते हुडकायचं. सापडली तर ती नवी राहत नाही आणि अर्ज पडतो. मग ती खुद्द अर्जदारानेच दाखवलेली का असेना. या नोकरीने माणसाचा स्वभाव बिघडतो. लग्नात नवरीच्या उखाण्याला सगळे वाहवा म्हणतात, तेव्हा मी हा उखाणा आधी कुणाच्या लग्नात ऐकला ते आठवत बसतो.

आमच्याकडे फायली संगणक वाटतो. त्याने एकदा मला एक लेझरची फाईल दिली. एकाच चिपवर लेझर आणि त्याचा प्रकाश वाहून नेणारी वाट, दोन्ही एकत्र बसवण्याची रचना. अशा रचनेत एक जुनी अडचण असते. बाहेर पडलेला प्रकाश पुढे कशावर तरी आदळतो आणि त्यातला थोडासा परत येतो. स्वतःचाच परतलेला प्रकाश लेझरला सोसत नाही. तो अस्थिर होतो, भरकटतो. या अर्जदाराने वाटेत एक कडं आणि एक तिरकी फांदी घातली होती. परतणारा प्रकाश त्या फांदीत वळायचा आणि तिथेच विझायचा. हा प्रकाश माणसाच्या डोळ्याला दिसतही नाही.

लेझरच्या फायली सहसा पाचपन्नास दाव्यांच्या असतात आणि त्यातला प्रत्येक दावा आपण सूर्याचा सख्खा भाऊ असल्यासारखा बोलतो. ही फाईल तशी नव्हती. जेवढं केलं तेवढंच लिहिलेलं. त्यातली आकृती तीन मला फार आवडली होती. कडं आणि त्याला लागून सुटलेली फांदी. ती मला गोफणीसारखी दिसायची.

संशोधकाचा पत्ता चौसाळ्याचा होता. माझं गाव तिथून जवळच, पण ते घर मला माहीत नव्हतं. पुढे एक कागद जोडलेला होता, की अर्जदार मयत असून त्याच्या जागी आता वडील अर्जदार आहेत. कागद तसे माणसापेक्षा जास्त जगतात, त्याचं मला काही वाटत नाही. पण अर्जाची भाषा वर्तमानकाळी असते. संशोधक दाखवतो, संशोधक सुचवतो, संशोधक दावा करतो. कित्येक आठवडे मी रोज त्याचं म्हणणं वाचत होतो आणि त्याला खोटं पाडणारा पुरावा जगभरच्या नियतकालिकांत शोधत होतो. पुरावा मिळत नव्हता. मला त्याचा आनंद होत होता, आणि परीक्षकाला असा आनंद झाला की समजावं, काहीतरी बिनसलंय.

दिवाळीला गावी गेलो. माझा एक शाळासोबती शेळ्या-मेंढ्या पाळतो. दुपारी रानात भेटला आणि ऊन फार म्हणून त्याने मला शेळ्यांच्या छपरात बसवलं. छपरावर फ्लेक्स होता, छापलेली बाजू खाली. वरून ऊन पडलेलं, त्यामुळे सगळं चित्र आतून उजळलं होतं. मी सहज वर पाहिलं.

वर एक निळा तरुण होता. कोट, टाय, ओठ मिटलेले, डोळे सरळ माझ्यावर. त्याच्या डोक्यावर देव, देवांच्या वर पुढारी. खाली लिहिलं होतं, ‘चौसाळ्याचे भूमिपुत्र, लेझरसम्राट’. आणि मधोमध, जिथे एरवी गुलाबाचं फूल असतं तिथे, आकृती तीन होती. एकेका भागाला दिलेल्या आकड्यांसकट. शेळ्या कान हलवत त्या उजेडात रवंथ करत होत्या. मी जे कित्येक आठवडे जगभर शोधत होतो ते इथे होतं.

कोपऱ्यात सत्कार समारंभाची तारीख होती. ती अर्जाच्या तारखेच्या आधीची होती.

“आरं, वर काय बघायलास?” सोबती म्हणाला. “गळत न्हाई त्ये. लई मजबूत हाय.”

मी खिशातून मोबाईल काढला.

“बकऱ्याचा फोटो काढायलास व्हय बे? थांब, बोकडाला धरतो. त्यो ऐटीत हुबा ऱ्हातो.”

त्याने बोकड धरला. मी बोकडासकट फोटो काढला आणि विचारलं, “हा फ्लेक्स कुठला?”

“चौसाळ्याचा. तितं आप्पाचं दुकान हाय बघ, दोरखंडाचं, पत्र्याच्या डब्याचं. त्येंचा पोरगा. पोरानं मोबाईलवर धाडलं व्हतं ह्ये चित्र, की आप्पा बघा, मी ह्ये काम करतो. आप्पानं त्येच फ्लेक्सवाल्याला दिलं. म्हणले, त्याचं कामबी टाका, लोकांला कळू द्या. आन् लावला की स्टँडवर.”

“मग मुलगा खूश झाला असेल.”

सोबत्याने बोकड सोडला. “आप्पा तसंच सांगतेत समद्यांला. पर मी तितंच व्हतो. पोरगं गाडीतून उतरलं, फ्लेक्स बघितला आन् जाग्यावर हुबाच ऱ्हायला. म्हणला, आप्पा, ह्ये आदी खाली घ्या. आप्पा म्हणले, कावून? गावानं मान दिलाय. त्यो म्हणला, माझा फोटो ऱ्हाऊ द्या, चित्र तेवढं झाका. आता पाव्हणे आलेले, फेटेवाला आलेला. आप्पाला वाटलं, पोरगं शिकलं, आता त्याला गावाची लाज वाटायली.”

“त्याने कारण सांगितलं नाही?”

“सांगायलता की. पर साऊंड चालू झालता. कुणाला काय ऐकू येतंय?”

“मग?”

“मग काय. फेटा बांधून घितला, शाल घितली, नारळ घितला. जेवला न्हाई. तसाच गेला. पुन्यात डेंगू झाला, आन् मयतच आली.” त्याने वर पाहिलं. “लोक म्हणतेत, मेल्या माणसाचा फोटो छपराला नको. म्हणलं, माझ्या शेळ्यांला त्यानं काय तरास दिलाय?”

मुंबईला परतल्यावर मी फोटो नियंत्रक साहेबांपुढे ठेवला. परीक्षक अहवाल देतो, निर्णय नियंत्रकाचा असतो. साहेब पुण्याकडचे, बोलायला कोरडे. त्यांनी बराच वेळ बोकडाकडे पाहिलं.

“हे कोण?”

“साक्षीदार,” मी म्हणालो.

“नातं आहे तुमचं अर्जदाराशी?”

“नाही. शेजारच्या गावचा आहे.”

“मग शेजारधर्म पाळू नका. नोंद करा.”

मी विचारलं, की विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला कायदा सवलत देतो, तर सत्काराला विद्वत्सभा म्हणता येईल का? साहेब म्हणाले, “तुम्ही कधी सत्काराला गेला नाहीत वाटतं.”

मी अहवाल लिहिला. सदर आकृती अर्जापूर्वी सार्वजनिक ठिकाणी प्रदर्शित झालेली दिसते, तरी खुलासा करावा. लिहिताना मला कायद्यातली दुसरी सवलत माहीत होती. संशोधकाच्या संमतीवाचून त्याची गोष्ट कुणी उघड केली आणि ते कळताच त्याने विनाविलंब अर्ज केला, तर त्याचं नवेपण जात नाही. अर्ज सत्कारानंतर लगोलग केलेला होता. जेवण न करता निघालेला मुलगा कुठे जाऊन बसला असेल ते त्या तारखेवरून दिसत होतं. राहता राहिली संमती. मुलगा नको म्हणत होता हे सांगणारा वारस म्हणजे बाप, आणि बाप गावाला उलटंच सांगत आलेला.

अर्जदाराच्या वकिलाने नेमकी हीच सवलत मागितली आणि आप्पांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. इंग्रजीत होतं. खाली आप्पांची मराठी सही, एकेक अक्षर सुटं. साहेब म्हणाले, “इंग्रजीत कुणीही काहीही बोलतं. मी त्यांनाच विचारणार.”

सुनावणी व्हिडिओवर झाली. वकील पुण्यातून, आप्पा दुकानातून. मी साहेबांच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या बाहेर बसलो होतो. आप्पांच्या मागे दोरखंडाची वेटोळी टांगलेली. कपाळावर भस्म, डोक्यावर धुतलेली टोपी. आणि त्यांच्या मागे दुकानभर माणसं. आप्पांनी गावाला बोलावलं होतं. मुंबईचे साहेब माझ्या पोराबद्दल बोलणार आहेत, म्हणून. कुणीतरी पहिल्या रांगेसाठी खुर्च्याही आणल्या होत्या.

साहेबांनी विचारलं, “आप्पा, तुमच्या मुलाचं चित्र फ्लेक्सवर छापलं, त्याला त्याची संमती होती का?”

“लई खूश व्हता साहेब,” आप्पा म्हणाले. मागची माणसं माना डोलवू लागली.

वकील घाईने मध्ये पडला. “आप्पा, आपलं काय ठरलं होतं? मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं.”

“मध्ये बोलू नका,” साहेब म्हणाले. “आप्पा, तुम्ही सही केलेल्या कागदात लिहिलंय, की तो नको म्हणत होता. इथे तुम्ही म्हणता खूश होता. दोन्हीतलं एकच मला लिहिता येईल.”

आप्पांना सगळं माहीत होतं. खूश होता म्हटलं तर पेटंट जाणार होतं, आणि त्या पेटंटवर मुलाचं नाव असणार होतं. नको म्हणत होता म्हटलं, तर ते मागे बसलेल्या गावासमोर म्हणावं लागणार होतं. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. माणसांना बाहेर जा म्हणता आलं असतं. म्हणाले नाहीत.

“न्हाई साहेब,” ते म्हणाले. “नको म्हणत व्हता. चित्र झाका म्हणला. मीच ऐकलं न्हाई. चार माणसांत मलाच मोठं व्हायचं व्हतं.” मग थांबून म्हणाले, “उपाशी गेला.”

साहेब लिहू लागले. नोंद पुरेशी होती, सुनावणी संपवायला हरकत नव्हती.

“साहेब, एक इचारू का?”

“विचारा.”

“म्हंजे त्यो चिडलता, त्ये ह्याच्यामुळंच का? चित्र आदी बाहीर पडलं म्हणून? का आमच्यावर? आमची, गावाची लाज वाटली म्हणून?”

साहेबांची सगळी नोकरी कलमं सांगण्यात गेलेली. या प्रश्नाला कलम नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“चित्रामुळे, आप्पा,” ते म्हणाले.

हे वाक्य नोंदीत नाही. त्याला पुरावा काय, असं मी एरवी हटकून विचारलं असतं.

पेटंट मिळालं. पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा चौसाळ्यात आप्पांच्या दुकानात शिरलो. मला जनावर बांधायचं दावं घ्यायचं होतं असं मी स्वतःला सांगितलं. आमच्या घरी जनावर नाही. आप्पा मला ओळखत नव्हते. मी कॅमेऱ्याच्या बाहेर होतो. मुलाचा फोटो भिंतीवर साध्या चौकटीत होता, लहान, रंग शाबूत. पेटंटचा कागद कुठे दिसला नाही. गावाने पुन्हा सत्कार ठरवला होता, आप्पांनी हात जोडून नको म्हटलं, असं सोबत्याने सांगितलं होतं. फ्लेक्सही त्यांनी परत नेला होता. बदल्यात शेळ्यांना नवी ताडपत्री दिली होती.

तो फ्लेक्स ते बसतात त्या गादीखाली होता. घडी घातलेली, एक निळी कड बाहेर. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

“पोराचा हाय,” ते म्हणाले. दावं मोजता मोजता हात थांबला. “पाव्हणं, तुमी शिकल्याले दिसता. मला एक कळंना. मंबईत बसलेल्या साहेबाला आमच्या स्टँडवरचा फ्लेक्स दिसला कसा? गावात समद्यांला इचारलं. कुनीच न्हाई सांगितलं.”

मी म्हणालो, “कुणीतरी कळवलं असेल.”

“कुनी? मला वाटतं, त्यानंच कळवलं असंल.” त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही; गादीवरून हात फिरवला. “त्या दिशी त्याचं सांगायचं ऱ्हाऊन गेलं व्हतं न्हवं. साऊंड चालू झालता.”

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि पुराव्यावाचून कुठलीही गोष्ट मान्य न करण्याचा मी पगार घेतो. फोटो माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये होता, बोकडासकट. काढून दाखवला असता तर प्रश्न मिटला असता.

दाव्याचे पैसे दिले. कुठलीही गोष्ट आधी कुणी सांगितली एवढंच आयुष्यभर शोधत आलो. या एका बाबतीत तो मुलगा माझ्या आधी आहे, असं मी मानतो. तो स्टँडवर उभा राहून सांगतच होता.

आप्पांनी दावं गुंडाळून हातात दिलं आणि विचारलं, “गाय हाय का म्हैस?”

“शेळ्या,” मी म्हणालो.