यादीच्या पाठीमागचं पान

‘प्रत्येक मराठी माणसाने वाचल्याच पाहिजेत अशा कादंबऱ्या’ असं कुठे छापलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. वाचल्याच पाहिजेत म्हणजे काय? नाही वाचल्या तर पोलीस येणार आहेत? यादी करणाऱ्याला वाचणाऱ्याची काडीची माहिती नसते. त्याच्यापाशी वेळ किती उरलाय, त्याचं काय अर्धवट राहिलंय, हे यादीवाल्याला कुठून कळणार? माझा हा राग जुना आहे, आणि खरं सांगायचं तर तो यादीवर कमी, माझ्यावरच जास्त आहे.

पन्नासच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आमचं घर बेंगळूरच्या चिकपेठेत, मागच्या गल्लीत. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही इथलेच. घरात मराठी, शाळेत आणि बाजारात कानडी. माझ्याहून सात वर्षांनी मोठी अक्का लग्न होऊन धारवाडला गेली होती. तिची दृष्टी अधू होतेय हे लक्षात आल्यावर सासरच्यांनी तिला ‘चार दिवस माहेरी राहू दे’ म्हणून आणून सोडलं. दीड वर्ष झालं तरी न्यायला कुणी आलं नाही. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, बाजूला घेऊन सांगितलं की उपाय नाही. सहा महिने, फार तर वर्ष. अक्काने ते दाराआडून ऐकलं. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "तेवढ्यात वाचता येईल तेवढं वाचून घेते. पुस्तकं आणायचं काम तुझं."

आमच्याकडे मराठी मासिक एकच यायचं, मराठी मंडळाचं. ते घरोघर फिरायचं आणि सगळ्यांत शेवटी आमच्याकडे. शेवटच्या घराला एक हक्क असे, त्यातल्या क्रमशः कादंबरीची पानं काढून घ्यायचा. अक्का ती पानं दाभणाने शिवून ठेवायची. अशी एक कादंबरी तिने वर्षभर शिवत आणली होती. नवऱ्याचं घर सोडून निघालेली बाई, तिला परत न्यायला आलेला नवरा, आगबोटीचा धक्का. शेवटच्या हप्त्याचा अंक आमच्यापर्यंत तीन महिन्यांनी पोचला, तोही चुरगळलेला, आणि शेवटचं पान कुणीतरी ब्लेडने कापून घेतलेलं. आधीचं पान ‘ती त्याच्याकडे वळली आणि म्हणाली’ इथे संपत होतं.

"काय म्हणाली गं?" अक्का मला दिवसातून तीनदा विचारायची. "मंडळाच्या कार्यवाहांना विचार ना. त्यांना ठाऊक असेल."

मी विचारलं नाही. मंडळ म्हणजे माडीवरची एक खोली आणि पुस्तकांचं एक कपाट, रविवारी सकाळी उघडणारं. कार्यवाह पुण्याहून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेले. पहिल्याच रविवारी ‘थोडी’ म्हणायच्या जागी कानडी शब्द वापरून मी त्यांना म्हटलं होतं, "मला स्वल्प घाई आहे." ते हसले. "स्वल्प? हे कुठलं मराठी?" खोलीतली बाकीची माणसंही हसली. तेव्हापासून त्या गृहस्थापुढे मला तोंड उघडायची चोरी झाली. बायकांची क्रमशः कादंबरी मागितली असती तर ते आणखी हसले असते, अशी माझी खात्री होती.

आणि कपाटाच्या काचेवर त्यांनी तसलीच एक छापील यादी चिकटवली होती. वाचल्याच पाहिजेत अशा पंचवीस कादंबऱ्या. मी ठरवून टाकलं की अक्काने त्या पंचवीस वाचायच्या. आपणही कुणी कमी मराठी नाही, हे मला त्या खोलीला दाखवायचं होतं. पण त्यासाठी डोळे अक्काचे खर्च होत होते, हे मला सुचलंही नाही.

दर तीन-चार रविवारांनी मी ते काचेचं दार उघडून क्रमाने पुस्तक आणायची. जाडजूड, बारीक टाइपाची. अक्का निमूटपणे भिंग लावून वाचायची. एकदा म्हणाली, "चांगलं आहे गं, पण माझा जीव त्या धक्क्यावरच अडकलाय." मी तिच्यावर डाफरले, "त्या फुटकळ गोष्टीचं काय घेऊन बसलीस? ती यादीत तरी आहे का?" अक्का म्हणाली, "सरी, बरं, पुढचं आण."

आठ महिन्यांत अकरावं पुस्तक लागलं. नव्वदाव्या पानावर तिने ते मिटलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "आता अक्षर दिसत नाही," एवढंच म्हणाली. आई देवघरात जाऊन रडली. मी रडलेसुद्धा नाही, इतकी घाबरले होते.

ते पुस्तक परत करायला मी गेले. कपाटाचं दार उघडलं आणि खिडकीतलं ऊन काचेवर पडलं. यादी बाहेरच्या बाजूने, फक्त कडांना डिंक लावून चिकटवलेली होती. आतून काचेतून तिची पाठ दिसत होती. त्यावर छापील मजकूर होता, आणि पहिल्याच ओळीत अक्काच्या कादंबरीतल्या त्या बाईचं नाव. यादीसाठी ब्लेडने कापलेलं पान ते हेच.

आठ महिने मी ते दार उघडत होते. शेवट माझ्या नाकासमोर होता.

मी नखांनी तो कागद ओरबाडायला लागले. कार्यवाह धावत आले. "अहो, यादी फाडताय तुम्ही!"

"आग लागो तुमच्या यादीला!" मी ओरडले. त्या खोलीत माझा आवाज चढलेला पहिल्यांदाच ऐकला सगळ्यांनी. कागदाचे दोन तुकडे झाले. ते घेऊन मी धावत घरी आले.

अक्का पडवीत उन्हाला बसली होती. तुकडे जुळवून मी वाचलं. ‘मी येत नाही,’ ती बाई नवऱ्याला म्हणते. मग ती बोटीत चढते आणि बोट सुटते. बस, एवढंच होतं.

अक्काने ते मला दोनदा वाचायला लावलं. मग हात पुढे करून तुकडे चाचपले, कडांचा वाळलेला डिंक बोटाने खरवडला.

"कुठे मिळालं?"

"मंडळात."

"कधीपासून होतं तिथे?"

"आजच आलं," मी म्हटलं.

"मग बरं," अक्का म्हणाली. "मला वाटलं, डोळे होते तेव्हापासून तिथेच होतं की काय."