खबऱ्या पिंजारी

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे. चोरून ओढलेल्या बिड्या, बदलीसाठी धरलेले पाय, सगळं. एवढं एक सोडून. हे तिला सांगितलं नाही, भावाला नाही, लेकीला तर नाहीच. देवापुढं हात जोडतानाही हा विषय मी सफाईनं चुकवत आलो. मग तुम्हाला कावून सांगतोय? खरं सांगू — तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून. गावच्या माणसापुढं अजूनही माझी जीभ टाळूला चिकटते.

तसा मी बोलघेवडा माणूस. सिरसाळ्याच्या पुढं आमचं गाव, तिथल्याच शाळेत मराठी शिकवतो. आणि नाटकं लिहितो. छापण्याजोगी नव्हेत, शाळेच्या पटांगणात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून रंगमंच करतात ना, त्यावर शोभतील अशी. त्यातलं एक नाटक तालुकाभर फिरलं. मुक्तिसंग्राम दिन आला की अजूनही कुठं ना कुठं ते होतं, आणि लोक मला बोलावून शाल-नारळ देतात. मी ते घेतो. खांद्यावर शाल पडली की मला घाम सुटतो. लोकांना वाटतं, मास्तर भावुक झाले.

नाटकवाल्याला एक गोष्ट लवकर उमगते. नायक उभा करायला जीव काढावा लागतो, खलनायक मात्र पाच मिनिटांत तयार होतो. दाढी लावा, डोळ्यांत सुरमा घाला, गळ्यात चौकड्याचा रुमाल टाका, तोंडावर गोडेतेलात कालवलेलं काजळ चोपडा. झालं. नाव कळायच्या आधीच लोकांना त्याचा राग आला पाहिजे. हे आम्हाला कुणी शिकवलं? कुणीच नाही. जत्रेतल्या तंबूत, टीव्हीवर, मोबाइलवर — कट करणारा, बॉम्ब ठेवणारा, घरं जाळणारा माणूस कायम त्याच एका चेहऱ्याचा पाहत आलो. तो चेहरा मीही उचलला. आयता मिळाला, घेतला.

गैरसमज करून घेऊ नका. रझाकारांनी आमच्या भागात जे केलं ते कुणी कमी करून सांगू नये. माझा आजा रझाकारीचं नाव निघालं की जेवत्या ताटावरून उठायचा. त्यांना खलनायक केलं याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. माझा गुन्हा त्यांच्याबद्दलचा नाहीच.

आजाच सांगायचा. तो आणि त्याचे दोन सोबती चळवळीत होते. रझाकार गावात शिरले तेव्हा पळायला वाट उरली नव्हती. गावात पिंजाऱ्याचं एकच घर — इब्राहिम पिंजाऱ्याचं. त्यानं तिघांना आत ओढलं, पिंजलेल्या कापसाच्या ढिगात पुरलं, आणि दारात बसून आपली कापूस पिंजायची धनुकली चालवत राहिला. रझाकारांनी विचारलं, त्यानं नाही म्हणून सांगितलं. बंदुकीच्या दस्त्यानं त्याचा खांदा फोडला, तरी नाहीच म्हणाला. तो खांदा पुढं कधी धड झाला नाही. आजा म्हणायचा, ‘‘त्याच्यामुळं मी, आन् माझ्यामुळं तुमी.’’

आणि खबर कुणी दिली होती? तेही आजाला ठाऊक होतं. मला त्यानं ते एकदाच सांगितलं, आवाज खाली आणून. खबर देणारा आमच्या भावकीतलाच होता. आजाचा चुलत चुलता.

बघा, मी किती वळसे घेतोय. अजून मुद्द्यावर आलोच नाही.

मी नाटक लिहिलं तेव्हा आधी हेच लिहिलं होतं. इब्राहिम पिंजारी हाच नायक. खबऱ्या कोण ते मात्र मोघम ठेवलं. भावकीचं नाव घ्यायची माझी छाती नव्हती. पहिलं वाचन गावच्या भाऊंच्या ओसरीवर झालं. भाऊ म्हणजे आमचे पुढारी. शंभर कामं त्यांच्या हातात, मांडव आणि माईकही त्यांचाच. माणूस वाईट नव्हता. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मास्तर, लई चांगलं हाय. पर लोकाला कळायचं न्हाई. मारणाराबी मुसलमान, वाचवणाराबी मुसलमान — मंग शिट्ट्या कुणाला मारायच्या आन् शिव्या कुणाला घालायच्या? आन् खबऱ्या तर दिसतच न्हाई!’’

त्यांनी धमकी दिली नव्हती. ‘बदला’ असंही म्हटलं नव्हतं. एवढंच बोलून ते चहा प्यायला लागले. मी घरी आलो, आणि त्या एका दुपारी बदललं. तिघांना वाचवणारा आता एक शेतकरी झाला, फेटेवाला, उंचापुरा. आणि खबऱ्या — खबऱ्याला चेहरा हवा होता ना? तर खबऱ्या झाला पिंजारी. लिहिताना हात थरथरला असं सांगायला मला आवडलं असतं. नाही थरथरला. उलट संवाद असे भराभर सुचत गेले की मी स्वतःवरच खूश होतो. आणि आत कुठंतरी सुटकेचा श्वासही टाकला. आता आमच्या भावकीचं नाव कुणी कधी विचारणार नव्हतं.

एवढं केलं ते केलं. पण ती भूमिका मी दिली कुणाला? सलीमला. इब्राहिम पिंजाऱ्याच्या नातवाला.

सलीम माझा पहिलीपासूनचा दोस्त. गादीघर चालवायचा, आणि नाटकाचा एवढा वेडा की गिऱ्हाईक दारात उभं असताना संवाद म्हणायचा. गावात त्याच्या तोडीचा नट नव्हता. वही वाचून झाल्यावर त्यानं ती मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, ‘‘दत्त्या, गावात पिंजाऱ्याचं घर एकच हाय बे.’’

मी काय म्हणालो असेन? मी हसलो. म्हणालो, ‘‘आरं, नाटक हाय. नाटकात खरं कोण बघतंय?’’

लेखक म्हणवून घेणाऱ्या माणसाच्या तोंडून यापेक्षा खोटं वाक्य निघालं असेल का? नाटकातलंच तर लोक खरं मानतात. इतिहासाचं पुस्तक गावात कोण उघडतं?

सलीमनं नाही म्हणायला हवं होतं. दोस्तीपायी म्हणाला नाही. रंगमंचाच्या लोभापायीही असेल. त्याला मी चांगला ओळखून होतो आणि त्याचाच फायदा घेतला. सलीम गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा. असला देखणा खबऱ्या कसा चालेल? मी स्वतः त्याच्या तोंडाला काजळ चोपडलं. आमचा नायक हणमंत, तो रंगानं थेट तव्याच्या बुडाशी सोयरीक सांगणारा. त्याला सफेदा फासून फासून गुलाबी केला. सलीम आरशात बघून म्हणाला, ‘‘पिंजारी काळाच पायजे का रे तुला? स्वतःचं तोंड बघ की कधी.’’ सगळे हसले. मीही हसलो. माझा रंग हणमंतापेक्षा उजळ नाही, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच.

प्रयोग दणक्यात झाला. शेवटी शेतकरी खबऱ्याला लाथ घालतो तेव्हा पटांगणातून चपला आल्या. एक सलीमच्या कानशिलावर बसली. त्यानं ती चुकवली नाही, भूमिकेत राहिला. विंगेत उभा राहून मला काय वाटलं असेल? अभिमान. नाटक पोचलं म्हणून.

पुढच्या रांगेत सलीमचे वडील, उस्मानचाचा, बसले होते. बापाचा खांदा फुटताना चाचांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रयोग संपल्यावर मी त्यांच्या समोर सापडलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘मागपतोर आवाज गेला, बेटा.’’ शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

मग नाटक फिरलं. उमापूरपर्यंत गेलं. सलीमनं पहिल्या वर्षानंतर काम सोडलं. मी दुसरा नट घेतला, काजळ तेच. दोन-चार वर्षांत गंमत अशी झाली — गंमत म्हणतोय, जीभ झडायला हवी — की गावाला नाटक आठवायचं, घडलेलं आठवेना. म्हातारी माणसं एकेक करून गेली. भाषणांतून ‘आपल्या गावात फितुरी झाली’ असं येऊ लागलं. माझ्याच वर्गातल्या पोरांनी निबंधात खबऱ्या पिंजारी लिहिला. मी त्या निबंधांवर लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. मजकुराला हात लावला नाही.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे सगळं गुऱ्हाळ लावलं.

तयार गाद्या आल्या आणि सलीमचा धंदा बसला. ग्रामपंचायतीनं स्टँडजवळ गाळे बांधले होते. त्यातला एक मिळावा, पडदे-सोफ्याचं काम करीन, म्हणून त्यानं अर्ज केला. गाळा मिळाला तर गावात राहणं, नाहीतर गाव सोडणं, इतका तो सरळ हिशोब होता. ग्रामसभेला मी पुढच्या खुर्चीत होतो, मास्तरांना मान असतो. त्याचा अर्ज वाचला आणि मागून एक जण ओरडला, ‘‘खबऱ्याच्या घरात गाळा कावून? त्याच्या आज्यानं गावाची पोरं धरून दिलती!’’

सलीम उभा होता. त्यानं त्या माणसाकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं. सभाभर फक्त माझ्याकडं. विनवणी नव्हती, राग नव्हता — ‘सांग की’ एवढंच होतं. उठून एक वाक्य बोलायचं होतं: ते मी रचलंय. माझ्या आजाला यांच्या आजानं वाचवलं. कुणी मला मारणार होतं का? भाऊ रागावले असते, भावकी तिरपी झाली असती, माझी शाल गेली असती. बस्स.

मी खाली मान घालून पायातल्या चपलेचा अंगठा नीट करत बसलो. तो नीटच होता.

विषय पुढं ढकलला गेला, म्हणजे काय ते तुम्हाला कळतंच. पोळा झाल्यावर सलीम बापाला, बायकोला, पोरींना घेऊन पालीला मेव्हण्याकडं गेला. टेम्पो माझ्या दारावरूनच गेला. मी घरात होतो.

मागच्या आठवड्यात उस्मानचाचा वारल्याचं कळलं. जियारतीला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, मी पालीला गेलो. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो, एसटीत वाक्यं जुळवत. सलीमनं मला मिठी मारली. पाहुण्यांच्या मधोमध बसवलं आणि म्हणाला, ‘‘हे आमचे दत्ता गुर्जी. आमच्या आजोबानं ह्यांच्याच आज्याला लपवलतं.’’ सगळ्यांच्या माना कौतुकानं हलल्या. तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचे पाहुणे म्हणाले, ‘‘मंग ते नाटक कोन्या नालायकानं लिवलं?’’

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण सलीम आधी बोलला. ‘‘होता कुनीतरी बाहेरचा,’’ म्हणाला, ‘‘त्याला काय माहीत? गुर्जी, तुमी ओळखत आसाल की त्याला?’’

त्यानं मला पळायला वाट काढून दिली की कबुलीसाठी दार उघडून दिलं, मला सांगता येणार नाही. सगळे माझ्याकडं बघत होते.

‘‘न्हाई,’’ मी म्हणालो. ‘‘मी न्हाई ओळखत.’’

सलीमनं मान हलवली आणि माझ्या ताटात वाढायला उठला. मी जेवलो. वाढलेलं सगळं संपवलं.

ते नाटक मी लिहिलं. इब्राहिम पिंजाऱ्यानं कुणाचीही खबर दिली नव्हती.