सोयराबाईंची बोटं

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. ऊन छान. नळाला पाणी उशिरा. शेजारच्या सोयराबाई आणि त्यांची सून हर्षिता यांच्याबरोबर ऑटोने इस्पितळात. डॉक्टरांनी नवं औषध ठरवलं, मग बदललं.

ते कसं बदललं, हे सांगण्यासारखं आहे.

सोयराबाई इथे, कानडी मुलखातल्या आमच्या चामराजपेटेत राहतात आणि लग्नाच्या ब्लाउजांवर आरीकाम करतात. चौकटीवर कापड ताणायचं, वरून आकड्याची सुई टोचायची आणि खालचा दोरा बोटांनी चाचपून तिच्यात अडकवायचा. खालचा हात दिसत नाही, बोटंच डोळे. त्यांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेचा कर्करोग आहे, आणि आधीची औषधं लागू पडेनाशी झाली होती.

डॉक्टर मुग्धा पुण्याच्या. त्यांनी औषधांच्या दोन जोड्या समजावल्या. "पहिलीत इथल्या फेऱ्या कमी, पण बोटं बधिर होण्याची भीती जास्त. दुसरीत ती भीती कमी, पण फेऱ्या जास्त आणि हृदयावर लक्ष ठेवावं लागेल. तुम्ही काम काय करता?"

"काही नाही. घरीच असते."

त्यांच्या घराण्यातल्या बायका परक्याला असंच सांगतात. कामाचं बोललं की मिरवल्यासारखं होतं.

"मग पहिलीच घेऊ," म्हणत डॉक्टर लिहूही लागल्या.

हर्षिताने आपला दंड त्यांच्या नाकासमोर धरला. बाहीवर मोर होता, पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा निराळा. "डॉक्टर, हे आमच्या आईंचं 'काही नाही'!"

"हे हाताने केलंय?"

"स्वल्प," सोयराबाई पुटपुटल्या.

"स्वल्प म्हणे! बोटं बधिर झाली तर चौकटीवर काय पापड वाळत घालणार?"

सोयराबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "बोटं नकोत जायला. फेऱ्या मारीन मी."

हृदयाची तपासणी लगेच झाली. ठीक निघाली. डॉक्टरांनी हसत लिहिलेलं खोडलं आणि दुसरी जोडी लिहिली.

स्टेरॉइड दोन्ही जोड्यांत होतंच. ते घेतलं की सोयराबाईंना ना झोप, ना तोंडाला विसावा. त्या दिवशी त्या माझ्या घरात शिरतात आणि मसाल्याचे डबे नव्याने लावतात. "अक्का, धण्याशेजारी साबण? सरी!" हे त्यांचं कानडी 'बरं!' मी भांडत नाही.

जूनमध्ये रिपोर्ट आला. रक्तातलं रोगाचं प्रथिन आधीच्या निम्म्याच्याही खाली, म्हणजे औषध लागू पडत होतं. हर्षिता जिन्यातूनच ओरडली. सोयराबाईंनी आधी स्वतःची बोटं एकेक करून अंगठ्याला लावून पाहिली, मग हसल्या आणि माझ्याकडे सुई मागितली.

त्या संध्याकाळची माझी नोंद एवढीच: बैठकीच्या पडद्याची उसवलेली कड सोयराबाईंनी शिवून दिली. दोरा पांढराच मिळाला.