एकमतानं झालेला ठराव

आमच्या गावात ठराव एकमतानंच व्हायचा. विहीर खोदायची असो की पोळ्याची जागा बदलायची असो, एक हात जरी खाली राहिला तरी सरपंच सही करत नसत. मग त्या एकाला समजवायचं, चहा पाजायचा, त्याचा हात वर करवून घ्यायचा. आम्हाला या गोष्टीचा केवढा तोरा!

एकाहत्तरचा नोव्हेंबर होता. पूर्व बंगालात लढाई पेटलेली, आणि आपल्या देशानं त्यात उतरावं की नाही याची चर्चा पारापारावर चालली होती. देशानं लढाईत उतरावं असा ठराव दिल्लीला पाठवायची टूम माझीच. मी शाळेत मास्तर. नकाशावर ढाका दाखवता येत होतं, तेवढ्यावर मी स्वतःला जाणकार समजायचो.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. मी तावातावानं बोललो आणि हात भराभर वर झाले. बायकांच्या बाजूला एकच हात खाली राहिला, माझ्या वहिनीचा. माझा थोरला भाऊ फौजेत होता, तिकडंच, पूर्वेच्या सीमेवर. वहिनी कापूस वेचून तशीच सभेला आली होती. ओटीतला कापूस तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"मास्तर, तुमच्या घरचाच हात खाली हाय," सरपंच म्हणाले. "सांगा न तिले."

मला लाज वाटली. भावाची काळजी नाही, लाज! मी तिच्याजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणालो, "वहिनी, करा न हात वर. लोकं पाहून राह्यले."

"ते तिकडंच हायेत, भाऊजी. हे ठरलं तं त्यायलेच जा लागन."

"साऱ्या गावात आपलंच हसू होईन, वहिनी."

तिनं हात वर केला. ओटीतला थोडा कापूस खाली सांडला. टाळ्या वाजल्या, आणि ठरावाचा कागद मी माझ्या हातानं पाकिटात घातला.

पुढं लढाई लागल्याचं रेडिओवर सांगितलं, तेव्हा वहिनी मला म्हणाली, "आपला कागद पोचला वाटते."

मी हसलो. खरंच हसलो.

आसेगावच्या पोस्टातून तार आली, तोवर लढाई जिंकून झाली होती आणि शाळेत मी पोरांना पेढेही वाटले होते. तार इंग्रजीत होती. गावात ती वाचता येणारा मी एकटाच. एकदा वाचली, विश्वास बसेना म्हणून पुन्हा वाचली. दारात उभ्या वहिनीला माझ्या तोंडाकडं पाहूनच समजलं.

तीन दिवस ती कोणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर येऊन बसली.

"भाऊजी, म्या हात वर केला नसता तं ठराव झाला नसता न?"

मी हादरलो. तीन दिवस ही बाई आपणच नवऱ्याला मारलं असं धरून बसली होती! मी घाईघाईनं तिला सांगू लागलो, "नाई वो वहिनी. दिल्लीत असे कागद कोणी वाचत बी नाई. लढाई होणारच होती. तुमच्या हातानं काईच झालं नाई."

तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं.

"मंग माहा हात काहून वर करायले लावला?"