न आलेला मिरीचा वास

वाईनच्या कारखान्यात ताई लागली ती बाटल्या धुवायला. एकदा एका उघड्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय, असं तिने ठासून सांगितलं, आणि त्या खेपेची निम्मी बुचं खराब निघाली. वाईन बनवणारे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, खूश झाले. त्यांनी तिला थेट चव घेणाऱ्यांच्या टेबलावर बसवलं.

पहिल्याच हंगामात समोर सिराह ही लाल वाईन आली. गडद जांभळी, जवळजवळ काळी. मास्तरांनी ग्लास फिरवला, हुंगला आणि डोळे मिटले. "मिरी! सिराहची ओळखच ही." बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. ताईला आलुबुखाराचा वास आला, धुराचा आला, चामड्यासारखाही काहीसा आला. मिरी मात्र औषधालाही नाही.

"हो, मिरी," ती म्हणाली.

घरी येऊन तिने मिरी कुटली. सटासट शिंका आल्या, वासही आला. मग ग्लासातच काय होतं? नवरा हसला. "तुझं नाक कुठे जातंय? माझ्या खिशात नवं काय आलं ते बरोबर हुंगतेस की!" तिला हसू आलं नाही.

अशी नऊ वर्षं गेली. सिराह आली की ती आधी मास्तरांकडे बघायची. मास्तरांची डावी भुवई वर गेली की तीही "मिरी" लिहायची. भुवई हलली नाही की कोरी जागा सोडायची. एकदाही चुकली नाही, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटायची.

मग एका सकाळी टेबल गायब झालं. भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्च्या, मध्ये पडदे, काळ्या काचेचे ग्लास. मास्तर म्हणाले, "प्रत्येकापुढे तीन ग्लास. दोन सारखे, एकात मिरी जास्त. वेगळा ओळखा."

ताई आपल्या खुर्चीत बसली. पडद्यापलीकडे कुणाची तरी पेन्सिल भराभर चालू लागली. तिने पहिला ग्लास हुंगला, दुसरा, तिसरा, मग पुन्हा पहिला. तिन्ही सारखे. ठोकून द्यावं का एक? तीनातला एक बरोबर यायची शक्यता होतीच. पेन्सिल दोनदा कागदाला टेकली. शेवटी तिने लिहिलं, 'मला फरक कळत नाही. सिराहमधली मिरी मला कधीच आली नाही.'

मास्तरांनी तिला खोलीत बोलावलं. दार लावलं.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"पाचातल्या एकाला वाईनमधला हा वास येतच नाही, ताई. नाक धड असूनही. ते मला माहीत आहे. पण तुमच्या कागदावर भरवसा ठेवून मी पिंपं एकत्र केली, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवसापासून तिची रवानगी परत बाटल्यांकडे झाली. आज काढतील, उद्या काढतील, या भीतीत तिने चार महिने काढले. मास्तर जवळून गेले तरी तिच्या हातातली बाटली निसटायची.

एके दुपारी मास्तर स्वतः सिराहचा एक ग्लास घेऊन आले.

"आम्ही तिघंही या मिरीवर फिदा आहोत. पण ज्याला ती येत नाही, त्याच्या तोंडात काय उरतं?"

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच नव्हती. घोट घेतला, तोंडात फिरवला. जिभेच्या कडांना तुरटपणा जाणवला, फळ आलं, आणि मध्येच सगळं ओसरलं.

"सुरुवात चांगली आहे," ती कशीबशी म्हणाली. "पण मधे पोकळ आहे. पाणी घातल्यासारखी."

मास्तरांनी तिच्या हातातला ग्लास परत घेतला. तिला वाटलं, संपलं आता.

"मलाही शंका होती," ते म्हणाले. "मिरीपुढे कळेना."

त्या सिराहमध्ये दुसऱ्या पिंपातली दाट वाईन मिसळली गेली. सोमवारी ताई पुन्हा टेबलावर बसली. तिच्या कागदावर मिरीचा रकाना खोडलेला होता. तिने ग्लास उचलला.