आत्याची मेंढी

आमच्या आत्याला गाडी लागायची. एसटीचं इंजिन सुरू झालं की तिचा चेहरा उतरायचा आणि पुढचा फाटा यायच्या आत पोटातलं सगळं खिडकीबाहेर. लिंबू हुंगून झालं, बडीशेप खाऊन झाली, काही उपयोग नाही. तरीही तीर्थपुरीजवळच्या आमच्या वस्तीवर पहिली चारचाकी घेतली ती आत्यानेच. गुडघ्यांनी दगा दिला, मेंढरांमागं हिंडणं होईना, तेव्हा तिनं सगळा कळप विकला आणि एक जुनी, पांढरी, छोटी गाडी दारात आणून उभी केली. गाडी तिला चालवता येत नव्हती आणि गाडीत तिला बसवतही नव्हतं. लोक म्हणाले, म्हातारी येडी झाली. गाडीला 'मेंढी' हे नाव त्यांनीच चिडवायला ठेवलं, पण ते आत्यालाच इतकं आवडलं की पुढं वस्तीवर तिला गाडी असं कुणी म्हणेना. "मेंढी कुठंय?" "घनसावंगीला गेल्ती, आत्ताच आली."

आत्याचा नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. ती आमच्या शेजारीच, भावाच्या आधारानं म्हणजे माझ्या वडिलांच्या आधारानं राहायची. निदान वडील तसं समजायचे. प्रत्यक्षात आधार कोण कुणाचा होता हे आईला विचारावं. गाडी कशाला घेतलीस म्हटलं की आत्याचं उत्तर ठरलेलं. "बाई अडली, लेकरू फणफणलं, तर टेंपो हुडकीत हिंडायचं का? दारात असली की बराबर असतंय."

किल्ली चौकटीवरच्या खिळ्याला टांगलेली असे. कुणीही मागावी, डिझेल ज्याचं त्यानं टाकावं. फक्त नेणारा गाडी जपून चालवतो का हे कळायला आत्या त्याला एक प्रश्न विचारी. "तुही माय बसती का रं तुह्या फटफटीवर?" एकदा एका पोरानं छाती फुगवून "बसती की" म्हटलं आणि नेमकी त्याची आई दळणाचा डबा घेऊन मागं उभी. "कव्हा बसले रं मी?" ती म्हणाली. किल्ली परत खिळ्यावर गेली आणि त्या पोराला वस्तीनं पुढं वर्षभर सुखानं जगू दिलं नाही.

किल्ली हातात ठेवताना आत्या आणखी एक वाक्य बोले. "मोकळी आणू नको." म्हणजे जालन्याहून, अंबडहून परत येताना रस्त्याला जो कुणी ताटकळत उभा असेल त्याला घ्यायचं. तिच्या मते मोकळी गाडी पळवणं म्हणजे भरल्या विहिरीवर झाकण घालून बसण्यातला प्रकार. मेंढीतून नवऱ्या आल्या, बाळंतिणी आल्या, खताची पोती आली, एकदा तर पाय मोडलेली शेळी मालकाच्या मांडीवर डोकं ठेवून आली. मागच्या सीटला कायम कसला ना कसला वास असायचा.

त्याच सीटवर बसून मी इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला गेले. त्या सकाळी एसटी आलीच नाही. मी फाट्यावर रडत उभी, आणि समोरून धूळ उडवत मेंढी. आत्यानं शेजारच्या सुदामला अंथरुणातून उठवून पाठवलं होतं. जालन्याला मी वेळेत पोचले. आज मी जी काही आहे तिची सुरुवात त्या वासाच्या सीटवर झाली, हे मी कुणालाही सांगते, आणि सांगताना मला अभिमान वाटतो.

म्हणूनच, पुण्यात नोकरीत जरा बरे दिवस आले तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आत्याला आलिशान गाडीत, पुढच्या सीटवर बसवून वस्तीवरून मिरवायचं. आमच्या कंपनीची लीजची योजना होती. दर महिन्याला पगारातून हप्ता कापायचा, तीन वर्षं मोठी गाडी वापरायची, मग परत द्यायची. विकत घ्यायची म्हटलं तर मला झेपत होती ती साधी, मेंढीची चुलत बहीण शोभेल अशी. सही करायच्या आधी मी एका मैत्रिणीची तसलीच लीजची गाडी मागून घेतली आणि थेट वस्तीवर नेली. तिनं नियम मोडून दिली होती, "कंपनीत कळू देऊ नकोस," असं बजावून.

आत्यानं गाडीला एक फेरी मारली. आत डोकावून पाहिलं. सीट दुधासारखी पांढरी.

"बस ना," मी म्हटलं. "पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही हिच्यात."

"तुही हाय का ही?"

"मैत्रिणीची आहे. अशीच मी घेणार. तीन वर्षं माझी, मग परत करायची."

"म्हंजी ठोक्यानं करणार म्हण की, शेतावानी." ठरलेल्या पैशावर दुसऱ्याचं शेत कसायला घ्यावं, तसं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग तिनं विचारलं, "अन् किल्ली कुणाकुणाला देता येती?"

"मला एकटीलाच चालवता येते."

"सुदामला?"

"नाही."

"आन् हे सीट खराब झालं तर?"

"भरून द्यावं लागतं."

आत्या मागं सरकली. "घे बाई, झाक गाडी हाय. पर मी न्हाई बसायची. माझं पोट असलं. तुला उगं खर्च."

मला भयंकर राग आला. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिचाच नकार. परतीच्या रस्त्यावर मी तणतणतच होते. अंबडच्या पुढं एक म्हातारा हात दाखवत उभा दिसला. धोतर चिखलानं भरलेलं. मी पाय ब्रेकवर नेला, पांढऱ्या सीटकडं पाहिलं आणि निघून गेले. पुण्यापर्यंत तो म्हातारा काही डोक्यातून जाईना. सोमवारी मी लीजचा नाद सोडला.

साधी गाडी घेऊन गेले तेव्हा आत्या काही न विचारता पुढं बसली. फाट्यापर्यंत पोचायच्या आत तिनं नवीकोरी सीट भरवली. "झाली पूजा," तोंड पुसत ती म्हणाली आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. आलिशान गाडीनं मला एवढं सुख कधी दिलं नसतं.

गेल्या वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसांत तिला दम लागायला लागला. मी सुट्टीवर आले होते. वडिलांना सोबत घेऊन तिला माझ्याच गाडीतून जालन्याच्या दवाखान्यात नेलं. काच खाली करून, डोकं मागं टेकून ती सगळा रस्ता शेतं बघत होती. जालना आलं तेव्हा म्हणाली, "आज लागली न्हाई बघ गाडी." लहान मुलीसारखी खूश झाली होती.

तिथून ती जिवंत घरी आली नाही. रुग्णवाहिका तिला आणि वडिलांना घेऊन वस्तीकडं पुढं गेली, मागून मी एकटी. समोरचा रस्ता धड दिसत नव्हता. अंबड ओलांडल्यावर डोक्यावर भारे घेतलेल्या दोन बायका कडेला दिसल्या, हात करत होत्या. मी तशीच पुढं गेले. जरा पुढं जाऊन थांबले आणि गाडी मागं घेतली.

बायका भाऱ्यांसकट बसल्या. सीटवर माती सांडली. थोड्या वेळानं त्यांतली एक हळूच म्हणाली, "कुठं निघालीस गं माय? लई रडून राह्यलीस."

"आत्याकडं," मी म्हटलं. "तिला मोकळी गाडी चालत नाही."